झुल्माच्या पुढच्या खोलीत गांडुळं

ओमेर हट्टी होता हे सांगायला माझी गरज नाही. बेल्जियममधल्या देंडर नदीच्या या काठावर कुणालाही विचारा. माझा कॅफे त्याच्या घराच्या भिंतीला भिंत लावून. शर्यतींच्या मोसमात दर शुक्रवारी गावातले कबुतरवाले वेताच्या टोपल्या घेऊन माझ्याकडे जमायचे, पक्ष्यांच्या पायांत रबरी कडी चढवायचे, आणि ओमेर तेव्हाही भांडायचा. उद्या वारा कुठून वाहणार यावर भांडायचा. बियरला फेस जास्त आहे म्हणून माझ्याशी भांडायचा. अर्धा वेळ मला तो नकोसा व्हायचा. पण रविवारी सकाळी फ्रान्समध्ये सोडलेली कबुतरं परत यायची वेळ झाली की हाच माणूस अंगणात तोंड वर करून उभा राहायचा, आणि गल्लीत मोठ्यानं शिंकायची कुणाची छाती नव्हती. त्याची एक निळी मादी एकदा बार्सिलोनाहून आली ती एक पाय मोडलेला आणि छातीवर ससाण्याची नखं अशी. दुसऱ्या कुणी आधी तिच्या पायातलं कडं शर्यतीच्या घड्याळात टाकून नंबर पक्का केला असता. ओमेरनं आधी तिला शर्टाच्या आत घेतलं आणि पहिला नंबर घालवला. वर मलाच म्हणाला, "नंबर काय, पुढच्या वर्षीपण असतो."

काडेपेटीच्या कारखान्यात तो हाताचा जलद म्हणून नावाजलेला. ऑगस्टमध्ये अर्धांगवायूचा झटका आला आणि तोच हात गेला. उजवा हात पूर्ण, उजवा पाय अर्धा. जीभ तेवढी शाबूत राहिली. देवानं नेमकं काय ठेवायचं ते ठेवलं, असं तेव्हा मी म्हणाले होते.

तो इस्पितळात असतानाच त्याची कबुतरं विकली गेली. मुलगी व्हेर्ले आणि जावई यांनी चर्चच्या सभागृहात लिलाव लावला आणि एका दुपारी सगळं खुराडं रिकामं केलं. व्हेर्लेचं चुकलं असं म्हणता येत नाही आणि चुकलं नाही असंही म्हणवत नाही. रोज दाणापाणी कोण करणार, घाण कोण काढणार? झुल्मा, म्हणजे ओमेरची बायको, सकाळची शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तिच्यानं नवरा आणि पक्षी दोन्ही झाले नसते. पण त्याला विचारायला हवं होतं. जीभ शाबूत होती ना त्याची! मी लिलावाला गेले नाही. त्या दिवशी कॅफेही बंद ठेवला, आणि कुणी कारण विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाले.

घरी आल्यावर ओमेर काठी टेकत अंगणात गेला, खुराड्याचं दार उघडून आत बघितलं आणि दार लावून घेतलं. बोलला काहीच नाही. "त्याच्या ओरडण्याची मला सवय आहे," झुल्मा मला म्हणाली, "पण हे गप्प बसणं नाही बघवत."

मग जानेवारीत तो अंगणातल्या बर्फावर घसरून पडला आणि झुल्मा शाळेतून परत येईपर्यंत तसाच पडून राहिला. तिथून व्हेर्लेनं मनावर घेतलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी मागच्या दारानं त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले तेव्हा ती टेबलाशी कोट न काढता बसली होती.

"ईस्टरनंतरच्या मंगळवारपासून बस येईल, पप्पा. सकाळी नेतील, दुपारी आणून सोडतील. आठवड्यातून चार दिवस. म्हाताऱ्यांसाठी चांगलं केंद्र आहे. पत्ते आहेत, गाणी आहेत, गरम सूप असतं."

"गाणी?" ओमेर म्हणाला.

"हो."

"कोण म्हणतं?"

"सगळे मिळून म्हणतात."

"मला जमायचं नाही. माझ्या घरी जनावरं आहेत."

झुल्मा बटाटे सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "कसली रे जनावरं? उंदीर?"

"आणणार आहे."

"कबुतरं नाही हं, पप्पा! डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना, पिसांची धूळ—"

"कबुतरं नाहीत. कबुतरं विकता येतात." लिलावानंतर त्यानं पहिल्यांदा मुलीच्या डोळ्यांत बघितलं. "असलं जनावर आणतो की तुझ्या नवऱ्याला लिलावात एक गिऱ्हाईक मिळायचं नाही."

व्हेर्लेचे कान लाल झाले. झुल्मानं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग हळूहळू त्याच्याकडून काढून घेतलं तेव्हा कळलं की त्याच्या डोक्यात गांडुळं होती. राफाएल नावाचे निवृत्त मास्तर आमच्या गावात नगरपालिकेतर्फे लोकांना घरच्या कचऱ्याचं खत करायला शिकवतात आणि ऐकणारं कुणी मिळालं नाही की माझ्या कॅफेत येऊन मला शिकवतात. त्यांनीच ओमेरला सांगितलं होतं की पेटीत गांडुळं ठेवायची, सालं-चोथा घालायचा, ती खातात आणि काळी माती करतात.

झुल्मा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता कधी तिचं रडणं झालं ते मला कळलं नाही. एप्रनला डोळे पुसून ती म्हणाली, "बरं. ईस्टरपर्यंत जगवून दाखव. एकट्यानं. पेटीही तूच करायची. मी हात लावणार नाही, ही शेजारीण मारिएटही लावणार नाही. जगली तर तू घरात. मेली तर मुकाट्यानं बसमध्ये बसायचं, आणि गाणीसुद्धा म्हणायची."

"कबूल."

"मोठ्यानं म्हणायची."

"कबूल म्हटलं ना!"

दोघांनी डाव्या हातानं हात मिळवले. व्हेर्ले म्हणाली, "तुम्ही दोघं लहान आहात का?"

पेटी करायची म्हणजे लाकूड हवं. रिकाम्या खुराड्यात कबुतरांच्या जोड्यांसाठी केलेले कप्पे होते, तेच त्यानं हातोडीच्या उलट्या टोकानं उचकटून काढले. रोज थोडे. एक फळी बगलेत, काठी हातात, असा तो अंगणातून स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि टेबलाशी बसून धापा टाकायचा. फळी मांडीवर आडवी घ्यायचा आणि गेलेला उजवा हात डाव्या हातानं उचलून तिच्यावर ठेवायचा. "ह्याला फुकट खायला घालतो," म्हणायचा, "वजन म्हणून तरी कामाला येऊ दे." टोच्यानं भोक पाडायचं, भोकात खिळा उभा करायचा, मग हातोडी हातात घ्यायची. तोवर खिळा आडवा. पुन्हा उभा करायचा, पुन्हा आडवा. शिव्या अशा द्यायचा की भिंतीपलीकडे माझी गिऱ्हाइकं पत्ते टाकायची थांबायची.

एकदा मला राहवेना. "दे इकडं. मी नुसता खिळा धरते."

"हात लावलास तर करार मोडला. जा, बियरचा फेस बघ जा आपला."

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा!"

"पीळच राहिलाय आता. तेवढा तरी राहू दे."

झाली एकदाची पेटी. एकावर एक दोन खोकी. वरच्याच्या तळाला भोकं, पाणी निथळायला खाली झुल्माचा केकचा पत्रा, जो तिला न विचारता घेतला होता आणि ज्याच्यावरून पुन्हा दोन दिवस रामायण झालं. एक कोपरा काटकोनात असेल तर शपथ. आत अंथरायला ओल्या कागदाच्या पट्ट्या लागतात. ओमेरनं कबुतर शर्यतींच्या निकालांची जुनी वर्तमानपत्रं काढली. वर्षानुवर्षं जपलेले गठ्ठे, झुल्मानं कधी चूल पेटवायला एक पान मागितलं तर मिळालं नव्हतं. एक टोक दातात धरून तो ती फाडत बसला. स्वतःचं नाव छापलेली पानंही फाडली. मी बघत होते, त्यानं एकदाही थांबून वाचलं नाही.

राफाएल मास्तरांनी मार्गारीनच्या डब्यातून गांडुळं आणली आणि जाताना बजावलं की यांना गारवा हवा पण थंडी नको, अंधार हवा, ओल हवी, हादरे नकोत आणि सारखं ढवळणं नको. आता पेटी ठेवायची कुठं? तळघराचा जिना त्याला उतरता येत नव्हता. अंगणात रात्री पाणी गोठत होतं. मागच्या कोपऱ्यात कपडे धुवायचं यंत्र, ते फिरायला लागलं की माझ्या कपाटातले पेलेसुद्धा वाजतात. स्वयंपाकघरात चूल, आणि चुलीपेक्षा गरम झुल्मा. "माझ्या स्वयंपाकघरात किडे? आधी माझं मढं न्या, मग त्यांना आणा."

राहिली पुढची खोली. आमच्या गल्लीत प्रत्येक घराला अशी एक खोली आहे आणि तिच्यात कुणी राहत नाही. मखमली खुर्च्या, काचेचं कपाट, लग्नाचा फोटो. पाद्रीबाबा आले की उघडते, ईस्टरच्या जेवणाला उघडते, घरात कुणी गेलं की त्याला तिथं ठेवतात. बाकी वर्षभर पडदे ओढलेले, शेगडी बंद, पावलांचा आवाज नाही. थोडक्यात, मास्तरांनी सांगितलं होतं ते सगळं तिथं होतं, आणि त्या घरात हे बघायचा धीर फक्त ओमेरला होता. झुल्मा शाळेत गेल्यावर त्यानं पेटी पायपुसण्यावर ठेवली आणि पायपुसणं ओढत ओढत पुढच्या खोलीत नेली. कपाट आणि खिडकी यांच्या मधोमध बसवली. कपाटात त्याचे कबुतरांचे चषक होते, त्यांच्या शेजारी.

दुपारी झुल्मा आली. मला भिंतीला कान लावायची गरजच पडली नाही.

"अरे तिथं पाद्रीबाबा बसतात!"

"वर्षातून एकदा बसतात. ही रोज बसतील."

"तुझ्या आईला तिथं ठेवलं होतं, ओमेर! त्याच खिडकीखाली!"

"मग? एव्हाना तिची आणि ह्यांची चांगली ओळख झाली असेल."

त्यानंतर इतकी शांतता पसरली की मी घाबरून मागच्या दारानं गेले. झुल्मा ओट्याला टेकून उभी होती, तोंडावर एप्रन दाबून. रडतेय असं वाटलं. रडत नव्हती. "मेला," ती म्हणाली, "मेला लग्नाच्या दिवशीपण असाच बोलला होता." पेटी तिला एका हिसक्यात बाहेर काढता आली असती. तिनं काढली नाही. तिनं जाऊन पडदा नीट ओढला, रस्त्यावरून दिसू नये म्हणून.

गावात कळायला पडदा थोडाच आडवा येतो! शुक्रवारी कॅफेत येणारे खिडकीवर टकटक करून ओरडायला लागले, "काय ओमेर, यंदा बार्सिलोनाला किती पाठवतोस?" आतून आवाज यायचा, "सगळी पाठवतो. तुझ्या कबुतरांच्या आधी घरी पोचली तर रडायला येऊ नकोस."

मी रोज कॅफेतला कॉफीचा चोथा नेऊन द्यायचे. झुल्मा पेटीकडे फिरकत नव्हती, करार म्हणजे करार. पण तिची बटाट्याची सालं, लीकच्या कांद्याची पात, सफरचंदाचे गाभे हे सगळं रोज सकाळी टेबलाच्या कडेला एका बशीत असायचं, आणि दिवसेंदिवस ते जास्त बारीक चिरलेलं दिसायला लागलं. मी बशीकडे बघितलं की ती म्हणायची, "सुरीला धार आलीय हल्ली." ओमेर बशी घेऊन स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत जायचा, झाकण उचलून बघायचा, परत यायचा, पुन्हा काहीतरी आठवून जायचा. त्याच्या पायाला कसरत शिकवायला बाई यायची तिच्यापुढे तो एक पाऊल टाकायला कुरकुरायचा. इथं दिवसभर येरझाऱ्या चालल्या होत्या आणि कुणी त्याला कसरत म्हणत नव्हतं. मार्चच्या शेवटी त्यानं मला झाकण उघडून दाखवलं. पावसानंतर रानात येतो तसा वास. निकालांची वर्तमानपत्रं जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि काळ्या मातीत ती तांबडी, ओली, नुसती गजबजलेली. मला किडे आवडत नाहीत. पण मी जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग आला ईस्टरच्या आदला शनिवार. कबुतरवाल्यांचा हा दिवस ठरलेला. ईस्टर झाला की शर्यती सुरू होतात, म्हणून त्या शनिवारी गावातलं प्रत्येक खुराडं खरवडून लख्ख करायचं, कोरडं ठणठणीत करायचं आणि जमिनीवर चुन्याची भुकटी मारायची. सकाळपासून गल्लीतल्या सगळ्या अंगणांतून खरवडण्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकत ओमेर आयुष्यभर कधी हात बांधून बसला नव्हता. झुल्मा ईस्टरचा पाव आणायला बाहेर पडली होती. मी चोथ्याची बादली घेऊन निघाले तेव्हा ती दारातच भेटली, आणि तेवढ्यात व्हेर्लेची गाडीही येऊन थांबली. बसची वेळ सांगायला आली होती. आम्ही तिघी बरोबरच आत गेलो.

पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. ओमेर गालिच्यावर होता. एका कुशीवर, अधू पाय अंगाखाली दुमडलेला, गाल खरचटलेला, काठी पार कोचाखाली गेलेली. पेटी आडवी होती. तिच्यातली माती, सालं, सगळा पसारा झुल्माच्या चांगल्या गालिच्यावर, आणि सगळ्यावर पांढरा चुना. चुन्यात गांडुळं पिळवटत होती. कपाटातलं लग्नात आलेलं काचेचं फळांचं भांडं त्यानं खाली ओढलं होतं, त्यात ओले कागद भरले होते आणि तो डाव्या हाताच्या दोन बोटांनी एकेक गांडूळ उचलून, कागद भिजवायला ठेवलेल्या डब्यातल्या पाण्यात बुडवून त्यात सोडत होता. मनगटापर्यंत हात चुन्यानं लाल झाला होता. किती वेळ असा होता कोण जाणे. मी भिंतीपलीकडेच होते, त्यानं हाक मारली असती तर ऐकू आलं असतं.

"पप्पा!" व्हेर्ले किंचाळली. "पडलास ना? पुन्हा पडलास!"

"बसलोय," ओमेर जमिनीवरून म्हणाला.

"असं बसतात?"

"मी असा बसतो." मग आवाज खाली गेला. त्याचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "साफ करायला घेतलं. शनिवार आहे ना. खरवडलं, चुना मारला... हात आपोआप गेला गं. ती पोळायला लागल्यावर कळलं मला, हे खुराडं नाही."

व्हेर्ले आईकडे वळली. ती काही दुष्ट मुलगी नव्हे. "बघितलंस ना, आई? आता मला वाईट ठरवू नका. मरून पडला असता तो. आणि तुमचा करारच होता ना? मेली सगळी. मंगळवारी बस येते आठला."

झुल्मानं पाव खुर्चीवर ठेवला. कोचाखालच्या काठीकडे बघितलं, खरचटलेल्या गालाकडे बघितलं. तिला दिसलं नाही असं काहीच नव्हतं त्या खोलीत.

"बसलायस?" तिनं विचारलं.

"बसलोय."

"मग मीपण बसते."

आणि ती बसली. गुडघे वाजले, एक हात खुर्चीला, एक हात गालिच्याला, अशी कण्हत कण्हत ती रविवारी घालायच्या चांगल्या स्कर्टसकट त्या चुन्यात आणि बटाट्याच्या सालांत बसली. बाह्या वर सारल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिनं गांडूळ हातात घेतलं, तोंड वाकडं केलं आणि पाण्यात बुडवलं.

"करार मोडला," ओमेर म्हणाला.

"गप रे."

"आई, ऊठ," व्हेर्ले म्हणाली. "तुला उठता तरी येणार आहे का? काय चाललंय तुमचं दोघांचं?"

"ऐक." झुल्मानं मान वर केली नाही. "मी दमलेय. मला ते चार दिवस हवे होते, तुला खोटं सांगणार नाही. रिकाम्या घरात एकटीनं कॉफी प्यायची होती मला. पण त्यानं या दोन महिन्यांत माझ्याकडे काही मागितलं नाही. भांडला तेवढा. मी घरात आले की आतून हातोडीचा आवाज यायचा. ऑगस्टपासून मी कुलूप उघडायला घाबरायचे, तुला माहीत आहे? आता नाही घाबरत." तिनं आणखी एक उचललं. "मंगळवारी बस आली की त्यांना सांग, या घरात कुणी रिकामं नाही."

मी बादली खाली ठेवली आणि पाणी बदलून आणलं. गल्लीत अजून खरवडणं चालू होतं.

मग व्हेर्लेनं कोट काढला, मखमली खुर्चीवर टाकला आणि आईबापांच्या मधे गुडघे टेकले. चुन्यात दोन-चार गांडुळं निपचित पडली होती. तिनं बोट पुढं केलं, मागं घेतलं.

"ही मेलेली का? कसं ओळखायचं?"

"पाण्यात घालायचं आणि थांबायचं," ओमेर म्हणाला. "घाई केली की सगळीच मेलेली वाटतात."